टाळ्यांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. कॉम्प्युटरचा नव्हे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, वाजवायचा. सध्या माझा मुक्काम कपाटावर आहे. अंगावर जुन्या ब्लँकेटची घडी आणि शेजारी बंद पडलेला पंखा. इथून सगळं घर दिसतं. घरातलं कुणी मात्र वर बघत नाही.

कारखान्यात एका बाईने माझी एकेक पट्टी दाबून, कान देऊन तपासली होती. तेवढं मन लावून मला पुढे एकीनेच ऐकलं. तिचीच ही गोष्ट.

माझ्या अंगावर एक लाल बटण आहे. ते दाबलं की माझे सूर गप्प बसतात आणि पट्ट्यापट्ट्यांतून सोंगं बाहेर पडतात. कुत्रा भुंकतो, टेलिफोन खणखणतो, काच फुटते. अगदी उजवीकडच्या शेवटच्या पट्टीवर टाळ्या आहेत, सभागृह दणाणून सोडणाऱ्या. पुन्हा लाल बटण दाबलं की सोंगं संपतात. दुकानदाराने मला विकलं ते या टाळ्या वाजवून. "सूर काय, सगळ्यांतच असतात," तो म्हणाला, "हे ऐका!"

ठमीच्या आईला सूरच हवे होते. कडेवरच्या ठमीने मात्र कुत्रा पसंत केला.

घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी. दुपारी ठमी झोपली आणि सासूबाई आडव्या झाल्या, की आई कानांवर हेडफोन चढवायची, डोळे मिटायची आणि वाजवायला बसायची. कुणाची झोपमोड नको. बाहेर ऐकू जायची ती फक्त पट्ट्यांची टकटक.

"वाजवतेस की भाजी चिरतेस गं?" सासूबाई पडल्या पडल्या विचारायच्या.

"दोन्ही एकदमच चाललंय," ती म्हणायची.

याच टकटकीतून तिने स्वतःची एक धून रचली. ठमीला थोपटताना ती जे गुणगुणायची त्यातूनच ती धून निघाली होती. पण झोपवणारी नव्हती, झोपेतून उठवून बसवणारी होती. ती वर वर चढत जायची आणि अगदी शेवटच्या पट्टीवर येऊन थांबायची. ती आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

संध्याकाळी मात्र मी सगळ्यांचा असायचो. तिचे दीर, म्हणजे घरातले भाऊजी, लाल बटण दाबून बसायचे. ठमीने दूध संपवलं, टाळ्या. बाबा कामावरून आले, टाळ्या. सासूबाई शिंकल्या, तरी टाळ्या. जेवायला बसायची हाक आली की कुत्रा. ती हाक मारणारी सोडून घरात सगळ्यांनी टाळ्या घेतल्या.

खेळ संपला तरी लाल बटण कुणीच बंद करत नसे. मला बंद करताना जे चालू असेल ते मी लक्षात ठेवतो. माझ्यासोबत आलेल्या माहितीपुस्तकात याला सोय म्हटलं आहे. म्हणून दुपारी बसली की डोळे मिटूनच तिचा अंगठा आधी लाल बटणावर जायचा. एकदा दाबलं की सोंगं बंद. मग सूर.

एका शाळेत संगीताच्या शिक्षिकेची जागा निघाली. तिने अर्ज केला. मुलाखतीत आपली स्वतःची धून वाजवायची, असं तिने ठरवलं. आदल्या संध्याकाळी ती ठमीचे कपडे इस्त्री करत होती आणि माझ्या वायरीची घडी घालून पुन्हा पुन्हा उलगडत होती. ते भाऊजींनी पाहिलं. त्यांचं मन एकदम मऊ झालं. कधी नव्हे ते त्यांनी स्वतः लाल बटण बंद केलं आणि मला पुसून ठेवलं. तिला सांगायचं राहून गेलं.

शाळेच्या त्या खोलीत मुख्याध्यापिका आणि दोन सर बसले होते. ती माझ्यासमोर बसली, तिने डोळे मिटले आणि अंगठ्याने सवयीने लाल बटण दाबलं.

मी ओरडून सांगितलं असतं हो. पण माझ्याकडे ओरडायलासुद्धा दुसऱ्याची बोटं लागतात.

पहिल्या सुराच्या जागी कुत्रा भुंकला. दुसऱ्याच्या जागी टेलिफोन. तिसऱ्याला काच फुटली. खोली हसून लोळली. तिने झटकन बटण दाबलं आणि धून पहिल्यापासून धरली. चांगली वाजवली. पण एक सर रुमालाने डोळे पुसत होते आणि दुसरे त्यांच्या कानात काहीतरी सांगत होते.

"मजा आली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जागेचं कळवूच. पण आमच्या नाटकाला असे आवाज हवेच असतात. याल का?"

घरी दारातच भाऊजी उभे होते. "काय वहिनी, जिंकलात ना? काल मी आठवणीने लाल बटण बंद करून ठेवलं होतं!"

तिने मला भिंतीला टेकवून ठेवलं. "हो," ती म्हणाली, "फार बरं केलंत." आणि ठमीला घेऊन आत गेली.

शाळेने काही कळवलं नाही. दुपारची टकटक बंद झाली. संध्याकाळच्या टाळ्या चालूच होत्या. दाबून दाबून एक दिवस ती पट्टीच मुकी झाली. मग कुणालाच माझं काम उरलं नाही आणि मी कपाटावर गेलो.

गेल्या रविवारी शाळकरी ठमीने मला खाली काढलं. हेडफोन कधीच तुटला होता. आई पदराला हात पुसत आली, बसली, आणि घरात पहिल्यांदाच तिची धून उघड्यावर वाजली. वर वर चढली. शेवटच्या सुराला तिने बोट ठेवलं आणि काहीच वाजलं नाही. मित्रांनो, टाळ्यांची पट्टी आणि तिच्या धुनेचा शेवटचा सूर एकच होता.

"आई, हे कुठल्या बटणावर आहे?" ठमीने विचारलं.

"ते बटणावर नाही गं."

"मग शिकवलं कुणी?"

आई नुसती हसली. ठमीला ते आवडलं होतं, अगदी मनापासून. म्हणून तिने लाल बटण दाबलं आणि तीच शेवटची पट्टी दाबली. पुन्हा दाबली. जोरात दाबली.

"टाळ्या बिघडल्यात," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरातही कुणीतरी टकटक करत असेल. त्याच्या कानावरचा हेडफोन एकदा काढून बघा. आणि आवडलं तर बटण शोधू नका. ठमीला दोन हात होते, मित्रांनो. त्यांचा उपयोग तिला कुणी दाखवलाच नव्हता.