रिकाम्या तंबूला आलेले पत्र

मी एक जुना तंबू आहे, आणि वर्षभर माझ्या आतल्या खिशात एक पत्र पडून होते. ज्याला ते आले होते त्याने वेळेत उत्तर दिले नाही. तो राग मी अजून घडीत घेऊन बसलो आहे. मित्रांनो, तंबूने रागवावे की नाही, मला ठाऊक नाही. सांगताना माझे काही चुकतही असेल. पण सांगतो.

बुसानजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझ्या प्रत्येक शिवणीवर पाणी ओतून पाहिले, मग छतावर थाप मारून म्हणाली, "जा, कुणाला तरी कोरडं ठेव." माझे शिक्षण एवढेच.

राजधानी सोलमधल्या थेसॉक आणि मिरान या तरुण जोडप्याने मला घेतले. पहिल्याच उन्हाळ्यात ते मला गाडीत टाकून गांगवॉनच्या डोंगरांकडे निघाले. वाटेत त्यांनी उकडलेली कणसे खाल्ली, दोनदा ते रस्ता चुकले आणि दोन्ही वेळा त्यांनी एकमेकांना दोष दिला. सोलगोल नावाच्या गावात, नदीकाठी अक्रोडाच्या झाडाखाली त्यांनी मला उभे केले. ती गावाची मोकळी जागा. कुणीही यावे, राहावे, जावे. पहाटे पाऊस कोसळला, पण आत थेंब नाही. मिरान म्हणाली, "आपल्या घरमालकापेक्षा हा बरा. शब्दाचा पक्का आहे."

इतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

पुढच्या वर्षी नदीकाठी गर्दी वाढली. जागा मिळेना. मग लोकांनी एक युक्ती काढली. जूनमध्येच तंबू ठोकायचा आणि तसाच सोडून घरी जायचे. जागा आपली राहते. थेसॉक म्हणाला, "सगळेच करतात." मिरानने मान डोलावली. मला खुंट्या ठोकून ते सोलला परतले, ते पाच आठवडे फिरकले नाहीत.

मित्रांनो, माणसे झोपावीत म्हणून मला शिवले होते. मला जागेचे कुलूप करून टाकले. माझ्या शेजारी असे आठ तंबू होते, आठही रिकामे. वारा आला की आम्ही पोकळ फडफडत असू. येणारी कुटुंबे आमच्याकडे बघून, शिव्या घालून परत जात. मी त्यांच्याशी सहमत होतो.

जुलैच्या शेवटी गावातली एक म्हातारी आली, ओकबुन तिचे नाव. "कोणी आहे का आत?" तिने तीनदा विचारले. मग नदीकाठच्या एका दगडावर बसून तिने पत्र लिहिले आणि माझ्या चेनच्या फटीतून आत सरकवले.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दोघे आले, तेव्हा थेसॉकने ते पुटपुटत वाचले. मिरान गाडीतून सामान काढत होती. "माझ्या नवऱ्याला चालता येत नाही. चाकांची खुर्ची पाण्यापर्यंत जाईल असा उतार फक्त तुमच्या तंबूखाली आहे. दर मालबोकला ते नदीत पाय बुडवून कोंबडीचा रस्सा पितात. त्या एका दिवसापुरता तंबू हलवाल का?" खाली दोघांची नावे आणि पत्ता होता.

"कुणाचं आहे ते?" मिरानने विचारले.

"काही नाही. गावची सूचना." त्याने पत्र माझ्या खिशात कोंबले. दुसऱ्या दिवशी दोघे परत गेले. मी तिथेच.

मालबोक, उन्हाळ्याचा शेवटचा कडक दिवस, उजाडला. ओकबुन खुर्ची ढकलत रस्त्यापर्यंत आली आणि थांबली. माझ्या दोऱ्या उतारावर आडव्या पसरल्या होत्या. खुंट्या उपटता आल्या असत्या तर मी स्वतः उपटल्या असत्या.

"तंबू काढू का गं?" सोबत आलेली शेजारीण म्हणाली.

"परक्याची वस्तू. हात कसा लावायचा?"

ओकबुन एकटी घमेले घेऊन खाली उतरली, पाणी भरून वर आली आणि रस्त्याच्या कडेला, धुरळ्यात, तिने नवऱ्याचे पाय त्यात ठेवले.

"गार आहे. नदीचंच दिसतंय," म्हातारा म्हणाला.

"मग काय नळाचं आणलं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "आत कुणी आजारी असेल बिचारं. बाहेरच येत नाही."

"आत कुणी नाही हो."

रस्सा त्याने अर्धाच प्यायला.

यंदा जूनमध्ये मिरानने मला गच्चीत वाळत घातले, तेव्हा पत्र तिच्या हाती लागले. ती ते दोनदा वाचून आत गेली.

"हा मालबोक कधीचा?"

"गेल्या वर्षीचा," थेसॉक म्हणाला. "उत्तर द्यायचंच होतं. मग दिवस उलटून गेला. आता काय लिहू?"

"हेच लिही."

त्याने कामाचे लिहिले, रस्त्यावरच्या गर्दीचे लिहिले. मिरानने कागद फाडला. "रहदारीची चौकशी केलीय का त्यांनी? आणि 'मी' नको, 'आम्ही' लिही. तंबू सोडून आलो तेव्हा मीही होते." चौथ्या कागदावर चार ओळी उरल्या. पत्र मिळाले होते. जागा आम्ही अडवली होती. आता तंबू रिकामा ठेवणार नाही. यंदा मालबोकला बोलावलेत, तर पहाटेपासून उतार मोकळा ठेवू आणि खुर्चीला हात लावू.

मित्रांनो, ज्यात झोपणार नाही तो तंबू ठोकू नका. माझे एवढेच मागणे आहे.

सोलगोलच्या वाटेवर, न बोलावता दारात जायला नको म्हणून, पहिल्याच टपालपेटीपाशी त्यांनी गाडी थांबवली. पाकिटावर मिरानने दोघांचीही नावे घातली होती, ओकबुन आजींचे आणि आजोबांचे. आजोबा अजून आहेत की नाहीत, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. थेसॉकने पाकीट पेटीत टाकले.