कोरी करंगळी

मानेचं हाड मी मुद्दाम रिहाबच्या ताटात टाकलं. बाकीच्या पोरींच्या कुस्कुसवर मांडीचं मटण, हिच्यावर मान. बसू दे चोखत. पण ही कासरीनच्या डोंगराकडची, तिला हाडंच आवडायची. "अल्लाह तुझे हात सलामत ठेवो, खाला," म्हणाली. माझा आणखीच जळफळाट झाला.

या आसरागृहात मी अकरा वर्षं स्वयंपाक करते. सोडवून आणलेल्या बायका येतात, सावरतात, जातात. कुणाचा कधी हेवा केला नाही. पण हिला पळवणारी बाई बहिजा निघाली, आणि माझं डोकंच फिरलं. हिला फुकट वकील, हिला डॉक्टरीणबाई. कोर्टात पडद्याआड बसून बोलायचं, म्हणजे बहिजाचं तोंड बघायला नको. वर खटला नीट झाला तर कोर्टाचं पत्र मिळणार, त्यात हिला पीडित म्हणणार. नवा कायदा आहे म्हणे. आमच्या वेळी कुठे झोपला होता कोण जाणे.

मला सहा महिने तुरुंग मिळाला होता. बावीस वर्षं झाली. त्याच बहिजाने मला समुद्रकाठच्या एका घरात नेऊन ठेवलं होतं. धाड पडली, तेव्हा माझ्या खोलीतल्या पुरुषाला साक्षीदार म्हणून खुर्ची दिली आणि मला आरोपी म्हणून उभं केलं. न्यायाधीशाने एवढंच विचारलं, ओरडली का नाहीस? वाचायला शिकले ती तुरुंगात. इथे सगळे मला विधवा समजतात. समजू देत.

तारखेच्या तीन दिवस आधी रिहाबच्या वकीलबाई, नईला, स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी कॉफी ठेवली. त्यांनी टेबलावर एक फोटो टाकला. रिहाब, हातभर मेंदी, तोंडभर हसू. बहिजा परदेशातल्या मुलाचं स्थळ घेऊन घरी गेली, लग्न ठरल्याचा फातिहा वाचला, स्वतःच्या हाताने मेंदी लावली आणि पोरीला घेऊन आली. आता तिचा वकील हाच फोटो दाखवून म्हणत होता, मुलगी राजीखुशीने आली. ते खरं ठरलं तर उलट रिहाबवरच धंद्याचा खटला.

"बहिजाची रीत सांगणारी आणखी एक कुणी मिळाली असती तर," वकीलबाई म्हणाल्या.

मी फोटो उचलला. डाव्या हाताची करंगळी कोरी होती. मला मेंदी लावतानाही बहिजा म्हणाली होती, एवढं बोट राहू दे, पोरीला दृष्ट लागायची नाही. माझ्या आईने त्यावर तिला दुवा दिला होता. पुढे कळलं. त्या घराच्या दारातला माणूस आधी करंगळी बघायचा, मग दार उघडायचा. आलेला माल बहिजाचा, एवढीच ती खूण.

मी फोटो खाली ठेवला आणि गाजरं चिरायला घेतली. का सांगू? मला कुणी दिलं होतं काही? सांगितलं तर माझा तुरुंग चारचौघांत उघडा पडणार, आणि पत्र मिळणार हिला.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी रिहाब माझ्याजवळ वाटाणे सोलायला बसली.

"खाला, ते म्हणतात मी हसत होते," ती म्हणाली. "लग्न ठरलंय म्हटल्यावर माणूस हसणार नाही?"

अगदी हेच मी त्या न्यायाधीशाला सांगणार होते. बावीस वर्षं दाताखाली धरून ठेवलं होतं. तेही हिनेच बोलून टाकलं. मला इतका राग आला की हातातलं टोपलं आपटलं, हात पुसले आणि वकीलबाईंना फोन लावला. प्रेमाने लावला असं कुणी समजू नये.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. मी करंगळीचं सांगितलं, दारातल्या माणसाचं सांगितलं. बहिजाचा वकील म्हणाला, ही शिक्षा भोगलेली बाई आहे. मी म्हटलं, हो, भोगली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तेव्हा तुम्हाला तिथे कुणी नेलं, हे कुणी विचारलं नव्हतं का?

"आज तुम्ही पहिल्या," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, तो जुना निकाल माझ्यासमोर नाही, मला त्याला हात लावता येत नाही. कारकुनाने माझ्या नावापुढे लिहिलं, साक्षीदार.

महिन्याने बहिजाला शिक्षा झाली. रिहाब पत्र घेऊन बाहेर आली. डोळे लाल झाले होते. "धर गं खाला, तोंड धुऊन येते," म्हणाली आणि पत्र माझ्या हातात देऊन गेली.

बाकावर बसून मी वाचलं. रिहाब बिंत सालेह, ही स्त्री गुन्हेगार नसून पीडित आहे. मी नावावर अंगठा ठेवला. उरलेली ओळ पुन्हा वाचली, मग आणखी एकदा.

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी अंगठा काढला, डोक्यावरच्या रुमालाने कागदावरचा घामाचा डाग टिपला, आणि ती आल्यावर पत्र तिच्या हातात दिलं.