बिनहातांची नववी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि मला हात नाहीत. आठ खुर्च्या पुऱ्या केल्यावर सुताराकडे जे उरलेसुरले लाकूड होते, त्यातून त्याने मला केले. "ही आपली भरतीची," असे तो म्हणाला, आणि मी ते कायमचे मनाला लावून घेतले. माझे सांगणे ऐकण्याजोगे आहे की नाही, याची आजही मला खात्री नाही.

बरीच वर्षे मी अडगळीत होते. दिवा बदलायचा असला की माझ्यावर पाय देऊन चढत. पुढे धाकट्या मुलाचे लग्न झाले, घरात नववे माणूस आले आणि जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी मला जागा मिळाली. नवरा-बायको दूर राहत, पण वर्षअखेरच्या सुट्टीत येत. धाकटी सून माझ्यावरच बसे.

त्या घरात ताटे मांडण्याचे काम दोन नातींचे. खुर्ची दिसेल तिथे ताट ठेवायचे, हा आजोबांनी घालून दिलेला नियम. मोजायला नको, विसरायला नको.

तिसऱ्या वर्षी धाकटी सून तीन महिन्यांचे बाळ घेऊन आली. सासूबाईंनी मला उचलून मागच्या खोलीत नेले. "हिला हात नाहीत, बाळाला आडवं घ्यायला बरी," त्या म्हणाल्या. माझ्या उणेपणाचे कौतुक प्रथमच झाले. मला फार बरे वाटले, हे कबूल करते.

सुट्टीच्या मोठ्या जेवणाच्या दिवशी तिने नवे कपडे घातले. माझ्यावर बसून बाळाची टोपी बांधताना ती हळूच म्हणाली, "तीन महिने मी उभ्यानं जेवतेय, सोन्या. आज सगळ्यांबरोबर बसून जेवायचं. तू तेवढा शहाण्यासारखा वाग."

नेमके वाढायच्या वेळी बाळ रडू लागले. ती त्याला पाजायला बसली. मधले दार किलकिले होते.

"बसा रे सगळे, गार होतंय," सासूबाईंचा आवाज आला.

"आले का सगळे?" सासऱ्यांनी विचारले.

"आजोबा, एकही खुर्ची रिकामी नाही," धाकटी नात म्हणाली.

"बाळाची आई कुठंय?" नणंदेने विचारले.

"आत बसलीय," धाकटा मुलगा म्हणाला.

"बसलीय ना, मग झालं. आम्हीच मेल्या सकाळपासून उभ्या," थोरली जाऊ म्हणाली. सगळे हसले आणि वाट्या वाजू लागल्या.

कोणीतरी हाक मारील म्हणून ती वाट पाहत राहिली. बाळाचा डोळा लागला होता. माझा मागचा पाय करकरतो, हे तिला ठाऊक होते, म्हणून ती हललीच नाही. मग "इकडे बघा, इकडे," असे ऐकू आले. फोटो निघाला. मागोमाग हात धुण्याचे आवाज.

नवरा आत आला. "झोपला? तुझी हाक नाही ऐकू आली."

"मी मारली नव्हती."

"मला वाटलं, तू मागाहून बसशील. ताट आणू?"

तिने होकारार्थी मान हलवली. बाळ मांडीवर तसेच ठेवून, ताट पलंगाच्या कडेवर टेकवून ती गार जेवण जेवली. एक कण बाळाच्या कानावर पडला. तिने तो फुंकून उडवला. टेबलाशी मी असते तर माझ्यासमोर ताट मांडले गेले असते, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या वर्षी मला पुन्हा टेबलाशी ठेवले. धाकटा एकटाच आला. बाळाला प्रवास झेपत नाही, असे त्याने सांगितले. कोणी पुढे विचारले नाही. नातींनी नऊ ताटे मांडली.

"हे कुणाचं?" सासूबाईंनी विचारले.

"खुर्ची आहे ना, आजी."

सासूबाईंनी ताट उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. सगळे जेवून उठेपर्यंत ते माझ्यासमोर कोरडे राहिले.

मित्रांनो, मी भरतीची खुर्ची, तुम्हांला काय शिकवणार? पण तुमच्या घरी मोठे जेवण असेल आणि आत तान्हे बाळ असेल, तर पहिला घास घेण्याआधी त्या खोलीत एकदा डोकावून या. तिथून हाक येणार नाही. बाळ नुकतेच झोपलेले असते.