करड्या केबलचा गोंधळ

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. रंगानं करडी, अंगानं करंगळीहून बारीक. अवसरी बुद्रुकला गेणभाऊंच्या पोल्ट्री शेडमध्ये छताच्या कडेनं माझं सगळं आयुष्य गेलं. तुम्ही तिथं आलात तरी माझ्याकडे तुमचं लक्ष जाणार नाही, कारण आलेला माणूस कोंबड्यांकडेच बघतो.

कारखान्यात तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा ओढून, त्या एकत्र पिळून माझी एकेक वायर झाली. एकच जाड तार असती तर वाकवता वाकवता मोडली असती. अशा दोन वायरींवर रंगीत प्लास्टिक चढवलं, त्यांना एकमेकींभोवती पीळ दिला, वरून चकचकीत पातळ पन्नी गुंडाळली. त्यावर तांब्याच्या तारांची विणलेली जाळी आली आणि शेवटी हे करडं आवरण. जाळी कशासाठी, ते मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, दागिना असेल.

काम सोपं होतं. शेडमधला सेन्सर हवा किती तापली ते ओळखायचा आणि मी ते दाराजवळच्या पेटीपर्यंत पोचवायची. पेटीवर आकडा दिसायचा. आकडा चढला की मोठे पंखे आपोआप फिरायचे, उतरला की थांबायचे. गेणभाऊ आल्यागेल्याला पेटीपुढं उभं करून म्हणायचे, "बघा पावणं, आता सारखं आत जायला नको." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग उन्हाळ्यासाठी फॉगर बसवला. त्याची मोटर सुरू झाली की शेडभर पाण्याचं धुकं पसरायचं. भागू वायरमननं मोटरची जाड वायर माझ्याच पाइपात ओवली, आणि पेटीपाशी जागा कमी पडली म्हणून माझं टोक छाटून पुन्हा जोडलं.

तिथून माझं डोकं चालेनासं झालं. सेन्सर मला छत्तीस सांगायचा. मी निघायची. पण मोटर चालू असली की वाटेत अंगात काहीतरी गुणगुणायला लागायचं, आणि पेटीवर चोवीस उमटायचे. हे चोवीस कुणाचे? मी नीट ऐकलं नाही, की मध्येच दुसरं कुणी बोललं? पेटीला मात्र शंका आली नाही. माणसांनाही नाही. फॉगर चालला, हवा गार झाली, असंच सगळ्यांना वाटलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी गेणभाऊ खाद्य आणायला मंचरला गेले होते. त्यांच्या पत्नी झुंबरबाईंनी फॉगर लावला. आकडा झरझर उतरला आणि पंखे थांबले. आता गारवा झाला, असं समजून त्या घरात गेल्या. परत येऊन बघतात तर कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकत होत्या. भिंतीकडच्या कितीतरी मेल्या होत्या. त्यांनी धावत जाऊन पंखे हातानं चालू केले.

गेणभाऊ आले. मेलेल्या कोंबड्यांकडे बघून म्हणाले, "तू बटनाला हात लावला असशील."

"म्या न्हाय लावला. आकडा उतरला आन पंखे आपसूक थांबले."

"मग काय मशीन खोटं बोलतं व्हय?"

झुंबरबाई मेलेल्या कोंबड्या गोळा करायला लागल्या. त्यानंतर त्या पेटीपाशी फिरकेनाशा झाल्या. गेणभाऊंनी सेन्सर बदलला. नवा सेन्सरही मला खरंच सांगायचा, आणि पेटीवर भलतंच उमटायचं. खरं कोण हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं होतं?

एके सकाळी झुंबरबाई फॉगरची टाकी घासत होत्या. गेणभाऊंना ते माहीत नव्हतं. त्यांनी पेटीजवळून मोटर लावली आणि आकडा उतरल्याचं बघून म्हणाले, "झालं गार."

झुंबरबाई ओल्या हातानं दारात आल्या. "टाकीत पाण्याचा थेंब न्हाय. गार कशानं झालं?"

गेणभाऊंनी मोटर बंद केली. आकडा चढला. लावली, उतरला. पुन्हा करून बघितलं, तरी तेच.

"म्हंजे त्या दिवशी..."

"त्या दिवशीबी हेच झालं आसंल."

भागूला बोलावलं. त्यानं पेटी उघडून माझं टोक बघितलं आणि मंचरच्या दुकानदाराला फोन लावला. फोन ठेवून तो म्हणाला, "भाऊ, चूक माझी हाय. ही जाळी म्याच कापली. मला वाटलं नुसतं आवरण हाय. मोटरच्या वायरीतनं जी गडबड बाहेर पडती, ती ह्या जाळीनं अडवायची आन जमिनीत सोडायची आसती."

त्यानं मोटरची वायर दुसऱ्या पाइपातून लांबून नेली. माझी जाळी पेटीकडच्या एकाच टोकाला अर्थिंगला जोडली. दोन्ही टोकं बांधली असती तर जाळीतूनच नको तो करंट फिरला असता. मोटर लावली. गुणगुण माझ्या जाळीवर आली आणि तिथूनच जमिनीत उतरली. सेन्सरचा शब्द जसाच्या तसा पेटीत पोचला.

"म्या उगाच तुझ्यावर आळ घेतला," गेणभाऊ म्हणाले.

"घेतला खरा," झुंबरबाई म्हणाल्या, आणि कोंबड्या बघायला आत गेल्या. थोडा वेळ घुटमळून गेणभाऊही त्यांच्यामागून गेले.

मित्रांनो, त्या दुपारी मी खोटं बोलले, की माझ्याकडून कुणी वदवून घेतलं, हे मला अजून उलगडत नाही. मेलेल्या कोंबड्यांना त्यानं काय फरक पडणार? म्हणून एवढंच मागते. माझ्यासारख्या केबलची जाळी बिनकामाची समजून कापू नका. आणि पेटीवरचा आकडा कितीही चांगला दिसला, तरी तो ज्यांच्या जिवाचा आहे, त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.