नळीखालची वाकडी खीळ

आधी एक विचारते, मग माझं सांगते. समोर दोघे उभे आहेत, एक ताठ, एक वाकलेला, आणि दोघांच्या मधे काहीतरी मोडून पडलंय. तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल? सावकाश सांगा. आमच्या पेन्सिल्व्हेनियात सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, आणि ते चुकलं.

मी एक खीळ बोलतेय, ठासणीच्या लांब बंदुकीतली. हसू नका. बंदूक हातात घेतली की लोक मेपलच्या लाकडावरचे पट्टे बघतात, पितळेवरचं कोरीव काम बघतात, एक डोळा मिटून नळीत डोकावतात. पण ती नळी लाकडाला धरून कोण ठेवतं, हे कुणी विचारत नाही. नळीच्या पोटाखाली लोखंडाचे छोटे कान असतात. लाकडात आडवी शिरून, त्या कानातून पार होऊन पलीकडे जाते ती मी. सुईहून जराशी जाड. अशा आम्ही तिघी जागेवर असलो की हनुवटीपर्यंत पोचणारी बंदूक एकजीव राहते.

मला घडवलं अपोलोनियाने. बंदुका बनवणाऱ्या योस्ट एबरमानची ही थोरली बहीण, विधवा. भावाच्या घरात कोपऱ्यातली खाट मिळाली होती, पण ती काही तिने फुकट घेतली नव्हती. भाता ओढायची आणि आमच्यासाठी तार काढायची. मऊ लोखंडाची कांब तापवून भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, आणि राखेत हळूहळू निवू द्यायची. मधेच तार बोटाभोवती गुंडाळून बघायची. तुटली नाही की स्वतःशीच मान हलवायची.

खीळ कशी निवडावी यावर दुकानात गप्पा चालायच्याच. एका बहाद्दराने घाईत बायकोची विणायची सुई कापून बसवली. पहिल्याच थंडीत लाकूड चिरलं, आणि अर्धवट राहिलेल्या मोज्यावरून बायकोने जे ऐकवलं ते वेगळंच. दुसऱ्याने 'मजबूत असावं' म्हणून जाड खिळा ठोकला, आणि बारीक लाकडात सशाचं बीळ करून ठेवलं. आमच्या दुकानाची रीत साधी होती. खीळ बारीक हवी, मऊ हवी, टोकं गोल घासलेली. डावीकडून आत जाणार, आणि काढायची तर उजवीकडून ठोकून डावीकडेच बाहेर. आणि कानाचं भोक गोल ठेवायचं नाही, कानशीने लांबट करायचं. लाकूड हवेबरोबर फुगतं, आकसतं. लोखंड आपल्या जागी हटून बसतं. दोघांच्या भांडणात सरकायला जागा हवी.

एका वर्षी पश्चिमेच्या डोंगरातला शिकारी गिलब्रेथ याची बंदूक बनवायला घेतली होती. पानं गळायच्या आत हवी म्हणून तगादा. त्यातच योस्टने शहरातून पोलादी तार आणली.

"ताई, ही बघ. तोंड दिसतंय हिच्यात."

अपोलोनियाने ती वाकवली आणि सोडली. टणकन सरळ झाली. "ही वाकत नाही रे."

"तेच तर म्हणतोय मी."

"अरे, वाकायचं काम खिळीचं. हिने नाही केलं तर लाकडाला करावं लागेल. आणि लाकूड वाकत नाही, चिरतं."

"गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं, ताई."

"मग निदान भोकं तरी लांबट कर."

"करतो गं, करतो."

केली नाहीत. घाई होती. तार महागडी म्हणून दोन जागांपुरतीच घेतली होती. पुढची आणि मागची खीळ तिची झाली, कारण नजर तिथे पडते. मधे मी.

गिलब्रेथने बंदूक चुलाण्याच्या वर टांगली. हिवाळाभर आग धगधगत होती आणि लाकूड सुकत गेलं. गोल भोकात सरकायला जागा नाही. मला ओढ बसली, मी वाकले. तेवढंच मला येतं. पुढची वाकली नाही. तिच्यापासून लाकडात वीतभर चीर गेली.

वसंतात तो बंदूक घेऊन दुकानात आला. योस्टने खिळी ठोकून काढल्या. चकचकीत दोघी अल्लद निघाल्या, सुतासारख्या सरळ. मी अडले. चार ठोके खाल्ले तेव्हा वाकडी बाहेर आले.

"हा बघा चोर," गिलब्रेथ मला चिमटीत धरून म्हणाला. "हीच ढिली पडली. मिस्त्री, ही कुणाची करामत?"

योस्टने नळी उचलली होती. कानांची गोल भोकं त्याच्या डोळ्यांसमोर होती. मागे भाता थांबला.

"बोला की. जीभ ठासून बसवलीय का नळीत?"

"ती तार... ताईने ओढलेली आहे."

खोटं नव्हतं हो. तेच तर दुखतं.

"बाईमाणसाच्या हातची तार बंदुकीत घालता होय? तिला म्हणावं, मोजे वीण."

"योस्ट," अपोलोनिया म्हणाली, "भोकं दाखव त्यांना."

योस्टने नळीवर फडकं टाकलं. "ताई, तू आत जा."

ती आत गेली नाही. पोलादी पट्टी पुसून ऐरणीवर ठेवली, शाल घेतली आणि बाहेर पडली. पुढे जो येईल तो विचारायचा, "त्या बाईची तार नाही ना यात?" योस्ट म्हणायचा, "नाही, नाही." काम गेलं तशी खाटही गेली. उन्हाळ्यात ती ओढ्यापलीकडच्या गिरणीवाल्याकडे धुणी धुवायला राहिली. भावाने अडवलं नाही.

काही वर्षांनी तिथेच ती गेली. म्हणतात, योस्ट मातीला गेला होता, टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. मी तेव्हा दुकानातच, मोडक्या लोखंडाच्या डब्यात.

त्या पानगळीत त्याने स्वतःसाठी बंदूक करायला घेतली. दार लावून घेतलं. डबा उपडा केला, मला शोधून काढलं, निखाऱ्यावर तापवून सरळ केलं. भिंतीवर तिच्या तारेचं एक वेटोळं अजून लटकत होतं. त्यातून आणखी दोघी कापल्या. कानांची भोकं कानशीने लांबट केली, पुन्हा पुन्हा बघून. मग डावीकडून आम्हाला आत घातलं.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. योस्टने त्याच्यापुढे चकचकीत तार ठेवली. म्हणाला, "ही वाकत नाही."

योस्ट आता नाही. बंदूक त्याच्या नातवाच्या भिंतीवर आहे. लाकडाला केसाएवढी चीर नाही. बघणारे म्हणतात, एबरमानचा हात म्हणजे हात. नातू मान डोलावतो. त्याला अपोलोनियाचं नावही ठाऊक नाही.

तुम्ही ऐकणारी माणसं घेणं-देणं करता, तुमच्याकडे जमा-खर्च असतोच. एवढंच करा, हिशेब खरा ठेवा. ती चीर योस्टच्या नावे मांडा. माझं वाकणं खोट म्हणून लिहू नका. आणि ही धड राहिलेली बंदूक अपोलोनियाच्या नावावर जमा करा.