सांभाळायला दिलेलं नाव

बोळक्यांची कल्पना इंदुताईंची. नावं सांभाळायला द्यायची कल्पना माझी, हे आधीच सांगून टाकते.

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या गल्लीत आमची दोन खोल्यांची मराठी शाळा होती. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसरीत. छप्पन साली घटस्थापनेला दुसरीत एकोणीस मुलं होती. पाऊस उघडला, ऊन कोवळं झालं, की मुलांच्या हातांना काहीतरी काम द्यावं असं दुसरीच्या बाईंना, इंदुताईंना वाटायचं. त्यांनी प्रत्येकाला मातीचं बोळकं आणायला सांगितलं, त्यात गहू पेरायला लावले, वर नावाची चिठ्ठी खळीनं डकवली. अर्धी बोळकी खिडकीत, अर्धी बंद कपाटात. उजेडात काय उगवतं, अंधारात काय उगवतं, ते रोज बघून पाटीवर काढायचं.

मी भामाला सोडायला जायची आणि दारातच रेंगाळायची. एकुलती एक लेक. मला तिच्या शिंकेचीसुद्धा काळजी. इंदुताई एकदा म्हणाल्या, बी.ए. झालेल्या बाईनं दारात उभं राहून काळजी करण्यापेक्षा आत येऊन पाणी तरी घालावं. तशी मी आत आले.

भामाचं बोळकं खिडकीत होतं. तिच्या शेजारी बसणाऱ्या शांताचं कपाटात. शांता डावखुरी, आणि बोलताना मान खाली घालून हसायची. दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नसे.

एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन वाटे होणार होते. ज्या सरकारी नोकराचं नाव ज्या यादीत, त्याचं बिऱ्हाड तिकडं. आमच्या यांचं नाव इथंच राहिलं. शांताच्या वडिलांना औरंगाबाद आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या स्टेशनावरून ती माणसं गेली, आणि मग रोज एखादी जागा रिकामी होत गेली. आठ मुलं गेली. अकरा उरली.

दिवाळीच्या सुट्टीआधी इन्स्पेक्टर येणार होते. पंधरापेक्षा कमी मुलं असली तर वर्ग बंद, आणि उरलेली मुलं पलीकडच्या तेलुगू शाळेत. तेलुगूचा राग कुणाला होता? माझी शेजारीण पद्मावती तेलुगूच, भामा तिच्याच अंगणात वाढली. पण माझ्या मुलीला उद्या माझं पत्र वाचता येऊ नये, हे मला सोसवत नव्हतं.

इंदुताई हजेरीपट उघडून बसल्या होत्या. गेलेल्यांच्या नावावर रेघ मारायला त्यांचा हात धजत नव्हता. तेव्हा मी बोलून गेले. रेघ कशाला, म्हटलं. प्रत्येक गेलेल्या मुलाचं बोळकं एकेकाकडे द्यावं. पाणी त्यानं घालावं, आणि नाव पुकारलं की हजर त्यानंच म्हणावं. पहिलीची पोरं त्याच खोलीत असतात, डोकी काही कमी दिसणार नाहीत. मुलांना खेळ वाटेल.

मुलांना खेळच वाटला. भामानं शांताचं नाव मागून घेतलं.

चार-पाच दिवसांनी भामा डाव्या हातानं जेवायला लागली. मी हात बदलला, तिनं परत डावा पुढं केला. मग बोलताना मान खाली घालायला लागली. एका दुपारी मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. ती ओसरीवर समोरच बसलेली होती, पण तिनं वर पाहिलं नाही. यांना सांगितलं तर हे हसले, म्हणाले, तू लहानपणी मांजर झाली नव्हतीस का?

शाळेत झाडलोट करणारी गंगू मात्र हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अम्मा, पोरीला भामा म्हणून बुलावलं तर बघतीच नै. शांता म्हटलं की लगेच येती."

मी कपाट उघडून पाहिलं. शांताच्या बोळक्यात वीतभर उंच, पांढुरके पिवळे कोंब दाटले होते, सगळे दाराच्या फटीकडे वाकलेले. खिडकीतलं भामाचं बोळकं कोरडं पडलं होतं. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं. मीही नाही; मला वाटत होतं, ती घालते.

त्याच वेळी इंदुताईंना सांगायला हवं होतं. मी मनाशी म्हटलं, इन्स्पेक्टर यायला दोनच दिवस राहिलेत.

इन्स्पेक्टर सोमवारी आले. थकलेला, सभ्य माणूस. खिडकीतल्या गव्हाचं कौतुक केलं, आणि हजेरीपट स्वतःच हातात घेतला. मी भिंतीला टेकून उभी होते. वसंत. हजर. गणेश, हा गेलेला. मागच्या रांगेतून कुणीतरी हजर म्हणालं. मग शांता. माझी मुलगी मान खाली घालून हसली आणि हजर म्हणाली. आवाज तिचा नव्हता, असं मी आता म्हणते. तेव्हा मी फक्त नावं मोजत होते.

यादीत पुढचंच नाव भामाचं होतं.

त्यांनी पुकारलं. त्यांनी पुन्हा पुकारलं. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. भामा पाटीवर डाव्या हातानं कोंब काढत होती. इन्स्पेक्टरांनी गैरहजर लिहायला टाक उचलला आणि विचारलं, ही मुलगी आजारी आहे का?

भामानंच वर पाहिलं. "भामा गेली," ती म्हणाली. "गाडीनं गेली."

इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले असते तर एक गैरहजेरी पडली असती, बस्स. वर्ग वाचला असता.

मी रांगेतून वाट काढत गेले, तिच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली.

"साहेब," मी म्हणाले, "भामा ही. शांता गेली. आठ जण गेलेत."

ते रागावले नाहीत. हजेरीपट इंदुताईंपुढं सरकवला आणि खिडकीबाहेर बघत थांबले. इंदुताईंनी आठ रेघा मारल्या. प्रत्येक रेघेला त्या ते नाव हळू उच्चारत होत्या.

कपाटातली बोळकी आम्ही अंगणात उन्हात ठेवली. दुपारपर्यंत ते लांब कोंब आडवे झाले. गंगूनं ती तशीच उचलून नेली, कुठं ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर भामा तेलुगू शाळेत गेली. संध्याकाळी मी तिला घरी मराठी शिकवते. अक्षर बरं आहे तिचं, उजव्या हाताचं. हाक मारली की ओ देते. मी मात्र काम नसतानाही हाक मारते, दिवसातून कितीदा तरी, आणि ओ येईपर्यंत हातातलं काम थांबवून ऐकत राहते. कधीकधी ओ यायला जरा उशीर होतो. काचीगुड्याची शिट्टी वाजत असेल तर जास्तच.