दोन दिवस आधीचा चुकारा

वच्छलाबाईच्या दारात उभं राहून जानरावांनी खिशातून सहा कुपनं काढली आणि घाईघाईनं तिच्यापुढं धरली.

"घ्या, निंदणाचा चुकारा."

"बाजार तं परवा हाये नं, भाऊ?"

"म्हटलं, अगोदरच देऊन टाकू."

मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी करायचा, ही कामरगावची जुनी रीत. पण आज महिन्याची अखेर होती आणि शेतकरी गटानं काढलेलं, गावात नोटेसारखं चालणारं शंभराचं कुपन दर महिन्याच्या अखेरीला दहा रुपयांनी उतरायचं. पैसा पेटीत कुजू नये, हातोहात फिरावा, म्हणून ही युक्ती गावाच्या गळी उतरवली होती ती जानरावांनीच, पारावर उभं राहून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सकाळी ते आधी किराणा दुकानात जाऊन आले होते. तिथं अमृतलाल शेटनं सरळ हात जोडले.

"आज कुपन नाई, भाऊ. कारंजाचा व्यापारी मले नोटाच मागते."

मग त्यांना वच्छलाबाई आठवली.

तिनं कुपनं घेतली नाहीत. आत जाऊन एक डबा आणला आणि झाकण उघडून दाखवला. तो कुपनांनी अर्धा भरला होता.

"उकंडरावानं सोयाबीनच्या सोंगणीचे देल्ले. भागिरथाबाईनं कापूस वेचाचे."

शेतात सोयाबीन अजून फुलावरही आलं नव्हतं.

"तुमच्या प्रयागबाई आताच येऊन गेल्या. तुरीच्या सोंगणीचे देऊन गेल्या."

"आमची?"

"दर महिन्याच्या अखेरीले सारेच येतेत. कोनाले नाई म्हनू? कामं तं तुमच्याच वावरात हायेत. संक्रांतीपावतर माहे हात इकले गेले, भाऊ."

जानरावांची कानशिलं तापली. बायकोनं आपल्याला सांगितलं नाही, आणि आपणही तिला न सांगताच इथं आलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी हात मागं घेतला.

"राहू द्या. परवा नोटाच देतो."

"कायले? तुमच्यापाशी राह्यले तं तुमचे साठ रुपये जातीन." तिनं पदराला हात पुसून पुढं केला. "द्या इकडं. माहे तं जाऊनच राह्यले."

तिच्या बोलण्यात टोमणा असता, तर जानरावांना बरं वाटलं असतं. तो नव्हता.

"बसा, चहा मांडतो," ती म्हणाली.

जानराव काही बसले नाहीत. कुपनं मात्र त्यांनी दिली.